वरती फळी, खाली साखर

वाझगीर, ६ जानेवारी

वन्सं,

या अली मदद. अक्षर ओळखलं नसेल तर सांगते, मी सफरमो, तुमची भावजय. तुम्ही आईंच्या मनाविरुद्ध लग्न करून घर सोडलंत त्याआधी वर्षभर आपण एका चुलीपाशी बसलो, एका पांघरुणात झोपलो. त्यानंतर मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही, कारण तुमचं नाव काढलं की आई ताटावरून उठतात. आजही त्यांना न सांगताच लिहितेय.

खुशाली विचारायला वेळ नाही. गाडी खाली उभी आहे. ही या हिवाळ्यातली शेवटची, असं ड्रायव्हर म्हणतो. तो सारखा भोंगा वाजवतोय आणि तुमचा भाऊ त्याच्यावर ओरडतोय, भोंगा बंद कर म्हणून. आवाजाने बर्फाचा लोट सुटत नसतो, हे गावाला शिकवणारा तोच, आपला इमामदाद. तरी ओरडतोय. यावरून काय ते ओळखा.

गावाने त्याला उतारावरच्या बर्फावर लक्ष ठेवायला नेमलं, तेव्हापासून मी त्याला चिडलेला पाहिलाय, दमलेला पाहिलाय. घाबरलेला कधी पाहिला नव्हता. यंदा तो जेवत नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून उताराकडे बघत बसतो.

झालंय असं की पहिला बर्फ फार लवकर पडला. जर्दाळूची पानंसुद्धा गळली नव्हती. गुडघाभरच, जास्त नाही. मग आभाळ जे स्वच्छ झालं ते नवं वर्ष लागेपर्यंत ढगाचा ठिपका नाही. नुसती कोरडी थंडी. समोरचा डोंगर तुम्हाला ठाऊकच आहे, भर हिवाळ्यातही तिकडे धूळच उडते. आपल्या डोक्यावरचा उतार मात्र सावलीतला. तिथला तो गुडघाभर बर्फ तसाच पडून राहिला आणि आतल्या आत कुजला. लोक खूश होते, यंदा बर्फ कमी, काळजी नाही म्हणून. इमामदाद एक दिवस मला वर घेऊन गेला. फावड्याने खड्डा खणला, तळाचा बर्फ माझ्या ओंजळीत घातला आणि म्हणाला, "मूठ मिट." मी मिटली. सगळा बोटांच्या फटींतून घरंगळून गेला. साखरच जणू.

नव्या वर्षाच्या आठवड्यात वारा सुटला आणि त्यावर नवा बर्फ येऊन बसला. वाऱ्याने तो असा दाबून बसवलाय की वर चाललं तर पाऊल उमटत नाही. वरती फळी, खाली साखर. ती फळी कशावर टेकलीय, विचारा. कशावरच नाही.

वरच्या आळीतल्या सगळ्यांनी घरं सोडायची असं ठरलंय. गावात धोक्याबाहेरची जागा एकच, नदीकाठच्या खडकावरचं घर. म्हणजे तुमचं सासर. तुमच्या सासूबाई, बख्तमावशी, एकट्याच असतात तिथे. त्यांनी दार सताड उघडलंय. लोक अंथरुणं घेऊन गेले. माझी अनोरा मी तिकडेच पाठवलीय. चार वर्षांची पोर, रोज विचारते, आई तू कधी येणार.

मी जाऊ शकत नाही, कारण तुमच्या आई जात नाहीत. गावकरी समजावून थकले. आईंचं एकच: "माझी पोर पळवणाऱ्या बाईच्या छताखाली झोपण्यापेक्षा बर्फाखाली झोपेन. बर्फ तरी उपकार दाखवत नाही."

वन्सं, त्या कोणाचं ऐकणार नाहीत. तुमचं कदाचित ऐकतील. एकदा या. गाडी परत जातेय तशी दुसरी एखादी वर येईलही. नाहीच जमलं तर चार ओळी लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन. मग त्यांनी मला उंबऱ्याबाहेर काढलं तरी चालेल, मी थेट खडकावरच जाईन.

भोंगा पुन्हा वाजला. थांबते.

सफरमो


वाझगीर, ११ जानेवारी

वन्सं,

येऊ नका.

हे पत्र तुमच्याकडे कसं पोचणार मला माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाली जायची घळ बंद झाली. रावज गावाच्या वळणाअलीकडे रात्रीत लोट आला आणि रस्ता, तारांचे खांब, धनगरांची झोपडी, सगळं नदीत गेलं. झोपडीत कोणी नव्हतं.

काल आणखी एक झालं. मी पाण्याला निघाले होते. सपाट वाट, विहिरीकडची, तुम्ही हजारदा गेलेली. मधेच पायाखालचं सगळं रान धप्पकन खाली बसलं. मी पडले नाही, बुडाले नाही. नुसतं मोठ्या जनावराने उसासा टाकावा तसं झालं आणि माझ्या बुटापासून एक बारीक भेग निघाली ती सरसरत उताराकडे गेली. मी तिच्याकडे बघत उभी. इमामदादने गच्चीवरून पाहिलं. "हलू नकोस" म्हणाला, मग "हळू मागे ये" म्हणाला. मागे आल्यावर त्याने मला धरलं ते घरात नेईपर्यंत सोडलं नाही. तो म्हणाला, साखर खचली की असा आवाज येतो. खाली सपाटीवर चालणारं माणूससुद्धा वरचा उतार ओढून घेऊ शकतं. कालपासून आम्ही पाण्याला जातो ते भिंतीला घसटत, एकेक जण, आणि श्वाससुद्धा जपून.

मी खालच्या खोऱ्यातली. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला हसायचात, बर्फाला भिते म्हणून. आता कोणी हसत नाही.

एवढ्या सगळ्यात आमच्याकडे पाहुणी आलीय. कोण असेल सांगा. बख्तमावशी!

परवा सकाळी दार वाजलं. उघडते तर त्या, पाठीवर गादीची वळकटी, काखेत उशी. आत येऊन सरळ आईंच्या शेजारच्या ओट्यावर गादी टाकली.

आई म्हणाल्या, "हे काय?"

"झोपायला आलेय."

"तुला घर नाही?"

"आहे की. पण पाव्हण्यांनी गच्च भरलंय. पाय पसरायला जागा नाही. तुझ्याकडे जागाच जागा, सगळे पळालेत."

"बाहेर हो."

"तू चल, मग मी होते."

"मी माझ्या घरात मरेन, तुला काय त्याचं?"

"मर ना. मी कुठे अडवतेय? मी आपली बघायला बसलेय."

वन्सं, मी तोंडात पदर कोंबून हसले. मग लगेच रडू आलं. आधी उताराखाली एक म्हातारी होती, आता दोन झाल्या.

दिवसभर त्यांचं चालू असतं. दुधाच्या खाऱ्या चहात मीठ कमी झालं, कणीक सैल भिजवली, तुझ्या आईनेही कधी लोणी नीट कढवलं नाही. दोघी लहानपणी एकत्र मेंढरं राखायच्या म्हणे. हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. भांडताना कळतंय. एकीच्या गुडघ्यावरचा व्रण कसा झाला ते दुसरीला पाठ आहे.

आई गोठ्यात गेल्या तेव्हा मी मावशींना हळूच म्हटलं, "तुम्ही तरी जा हो. अनोरा तिकडे आहे, तिच्याजवळ राहा." त्यांनी मला जवळ ओढलं. म्हणाल्या, "सून माझी खोरोगच्या दवाखान्यात परक्यांची उष्टी काढतेय. मुलगा रशियात. तिने माझ्यासाठी आई सोडली. ती आई इथे बर्फाखाली गेली आणि मी खडकावर बसून चहा पीत राहिले, तर मावलुदाला मी कोणतं तोंड दाखवू?"

हे तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं.

येऊ नका. पहिलं पत्र मिळालं असेल तर फाडून टाका. मी घाबरून लिहिलं होतं. आता त्याहून जास्त घाबरलेय, पण आता अक्कल शाबूत आहे.

सफरमो


वाझगीर, १३ जानेवारी, पहाट

वन्सं,

खोरोगहून वायरलेसवर निरोप आलाय. नर्स मावलुदा रजा टाकून निघाली, मालट्रकने रावजपर्यंत पोचेल, पुढे पायी येणार. रावजचा वायरलेस थंडीने बंद पडलाय, त्यामुळे तुम्हाला थांबवायला माणूसच पाठवावा लागणार.

माणूस म्हणजे तुमचा भाऊ. तो आत्ता बूट बांधतोय. ही दोन्ही पत्रं त्याच्या खिशात घालतेय.

वन्सं, घळीच्या तोंडावर उताराचं जे टोक आलंय ना, त्याच्याच खालून त्याला जायचंय. तो म्हणतो, पहाटे गारठ्यात एकटा माणूस जाऊ शकतो. म्हटलं, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की काहीच नाही, सफरमो. पण ती दुपारच्या उन्हात येईल. कशाखालून चाललीय हे तिला माहीत नसेल. मला निदान माहीत आहे."

तुम्ही भेटलात की रावजच्या वळणावर ओला पाला जाळून धूर करायचा असं त्याने सांगितलंय. तो धूर गावातून एकाच जागेवरून दिसतो, खडकावरच्या घराच्या गच्चीवरून.

आईंना मी सांगितलं. लपवता आलं असतं, पण माझा चेहराच बोलत होता. त्यांनी विचारलं, "पायात काय घातलंय तिने?"

मला काय माहीत! मी म्हटलं, "चांगले बूट असतील."

"तिला कधी चांगले बूट घ्यायची अक्कल नव्हती," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते.

भाऊ म्हणेल ते ऐका. तो म्हणाला थांब, तर थांबा. तो रडला तर तुम्ही रडू नका.

तो निघाला.

सफरमो


वाझगीर, १४ जानेवारी

वन्सं, आणि इमामदाद,

तुम्ही रावजच्या वळणावरून पांढरा ढग पाहिला असणार. म्हणून नझरशोला लगेच पाठवतेय. तो शिकारी माणूस, मागच्या कड्यावरून येईल, हातात कुऱ्हाड घेऊन, रानबकऱ्यासारखा चढत. त्याच्या वाटेने तुम्ही यायचं मनातही आणू नका.

काल दुपारी उताराची गावाकडची बाजू सुटली. वरची आळी गेली. आपलं घर गेलं.

आई घरात नव्हत्या. आई खडकावर आहेत, ठणठणीत आहेत. मी आहे, अनोरा आहे. तुमचा धूर आम्ही पाहिला. आईंनीच सगळ्यात आधी पाहिला.

गाय गेली. भांडी, गाद्या, सगळं गेलं, त्याचं काही नाही.

आता महत्त्वाचं. घळीकडची बाजू अजून लटकून आहे. तिला वरपर्यंत भेग गेलीय, इथून दिसते, कोळशाने ओढल्यासारखी. इमामदाद, तू म्हणतोस तसंच आहे, एका पावलाने येईल. वन्सं, आई धडधाकट आहेत, त्यामुळे धावत येण्यासारखं इथे काहीही नाही. रावजमध्ये शेकत बसा. उरलेलं खाली येईपर्यंत घळीत पाऊल टाकलंत तर तुम्हाला अनोराची शपथ.

बख्तमावशींचे तुम्हाला आशीर्वाद. म्हणतात, सुनेला सांग, घाई करू नको.

सफरमो


वाझगीर, २० जानेवारी

वन्सं,

हे पत्र बसून वाचा. भाऊ जवळ असेल तर त्याचा हात धरून वाचा.

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी होती. बख्तमावशींनी तसलं काही सांगितलं नव्हतं. मी ते पत्र लिहीत होते तेव्हा त्या आतल्या खोलीत होत्या, पांढऱ्या कापडाखाली.

तुमच्या सासूबाई गेल्या, वन्सं.

त्या दिवशी तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही घळीत धावला असता. इमामदादने धरून ठेवलं असतं तरी त्याच्या हाताला चावून धावला असता. मी तुम्हाला ओळखते. ती बाजू लटकत होती. एका घरातून दोन प्रेतं काढायची माझ्यात ताकद नव्हती. नझरशोने तुमच्या भावाच्या कानात खरं सांगितलं होतं. त्याला सगळं माहीत होतं आणि तो इतके दिवस तुमच्यासमोर भाकरी खात बसला. त्याच्यावर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर.

आता घडलं तसं सांगते.

तो निघून गेल्यावर ऊन वर आलं. वारा पडला होता. आभाळ निळंशार, बर्फाचा कण पडत नव्हता. इतका शांत दिवस नवं वर्ष लागल्यापासून आला नव्हता. आई उठल्या, शाल घेतली, काठी घेतली. मावशींनी विचारलं, "कुठे?"

"धूर बघायला."

"धूर माझ्या गच्चीवरून दिसतो."

"मग तुझ्या गच्चीवर जाते. गच्ची काय तू बांधलीस? तुझ्या सासऱ्याने बांधली, तो भला माणूस होता."

मावशी माझ्याकडे बघून डोळा मिचकावून हसल्या. इतक्या दिवसांचं भांडण, आणि त्या स्वतःच्या पायाने निघाल्या! आम्ही तिघी भिंतीला घसटत, एकामागून एक, अंतर ठेवून खाली उतरलो. खडकावर पोचलो. अनोरा येऊन बिलगली. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं, वन्सं. आता सगळे खडकावर आहेत, उतार येईना का खाली.

आई गच्चीच्या कडेला उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरून. दुपार झाली. गाय हंबरायला लागली. घरातून निघताना तिला सोडायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दूध काढायची वेळ झाली होती. आवाज सगळ्या गावात घुमत होता. आई अस्वस्थ झाल्या. वळावं की धूर बघावा? मी म्हटलं, "मी जाते." मावशींनी माझ्या दंडाला धरून मागे ओढलं. "तुला पोर आहे," म्हणाल्या. मग आईंना म्हणाल्या, "तू रस्त्याकडे बघ. गाय मी आणते. तुला ती लाथ मारते, मला मारत नाही."

आई मान न वळवता म्हणाल्या, "तुला मारत नाही, कारण तुला ती माणसात धरत नाही."

मावशी हसत गेल्या. जिना उतरून गल्लीत वळेपर्यंत हसण्याचा आवाज येत होता. आम्ही थांबवायला हवं होतं का? गच्चीवर मोठी माणसं होती, कोणीच थांबवलं नाही. जाऊन यायचं, एवढंच तर होतं. इतक्या शांत, उन्हाच्या दिवशी.

मग आई ओरडल्या, "धूर! धूर!" वळणावर बारीक करडी रेघ उभी राहिली होती. सगळे तिकडे धावले. आईंनी माझा हात इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. त्या हसत होत्या आणि नाक पुसत होत्या.

आणि पाठीमागे तोच आवाज आला. धप्प. विहिरीच्या वाटेवर ऐकला होता तो, पण आता सगळ्या डोंगराचा. मी वळले. उताराच्या माथ्यावर एक आडवी रेघ उमटली होती. क्षणभर काहीच हललं नाही. मग सगळा उतार एकसंध, चादर ओढावी तसा खाली निघाला. निघाल्यावर तुटला, फळ्या फळ्या झाल्या. मग काही दिसलं नाही, नुसता पांढरा धूर आणि वारा. त्या वाऱ्याने आम्हाला गच्चीवर आडवं पाडलं. तोंडात, नाकात बर्फाचं पीठ. मी अनोरावर पडून राहिले. मी अल्लाचं नाव घेत होते की आईचं, आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा गाय हंबरत नव्हती.

लोक फावडी, पहारी, लांब सळया घेऊन धावले. दुसरी बाजू डोक्यावर लटकत होती, सगळ्यांना दिसत होती, तरी धावले. बर्फ चुन्यासारखा घट्ट बसला होता. पहार मारली की ठणकत होती. आई सगळ्यांच्या पुढे. घर कुठे होतं याची एकही खूण उरली नव्हती, पण त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, मग चालत गेल्या आणि काठी रोवली. "इथे गोठ्याचं दार." तिथेच होतं.

खणत असताना त्या वाकून बर्फाशी बोलत होत्या. मोठमोठ्याने. "ए बख्त! माझी गाय घेऊन कुठे लपलीस? चोरटी कुठली! बाहेर ये, मग बघते तुला!" मग कान लावायच्या. मग पुन्हा. "बोल की गं! आता का जीभ गेली? एवढे दिवस तर तोंड मिटत नव्हतं!" एक एक माणूस खणायचं थांबून बाजूला तोंड करून रडत होता. मीही. त्या रडत नव्हत्या, रागावल्या होत्या. उत्तर येत नाही म्हणून खरंच रागावल्या होत्या.

मावशी दारातच सापडल्या. गाय बाहेर काढलीच होती त्यांनी. दोर हाताला गुंडाळलेला होता. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. दोर सोडवायला माणसं पुढे झाली तर आईंनी त्यांना ढकललं. स्वतः बसल्या, आणि एकेक बोट तोंडाच्या वाफेने गरम करून उघडलं.

त्यांना आंघोळ आईंनीच घातली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यावरचा तो व्रण मला दाखवला आणि म्हणाल्या, "हा माझ्यामुळे. मी ढकललं होतं." तिसऱ्या रात्री त्यांच्या नावाचा दिवा लावला, प्रार्थना म्हटल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. जमीन गोठली होती, त्यावर शेकोटी पेटवून मग खणावी लागली. अलिफबेकला रशियात अजून कळवलेलं नाही. नवऱ्याला कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. खोरोगलाही वायरलेसवर काही बोललो नाही, बातमी तुमच्या आधी गावभर होईल म्हणून.

काल दुपारी उरलेली बाजू आपणहून आली. कोणी खाली नव्हतं. घळीत पडली, नदी थोडी तुंबली आणि मग वाहायला लागली. नझरशो सकाळी जाऊन बघून आला. वर आता नुसता दगड दिसतो. तो म्हणाला, आता पडायला काही उरलं नाही. म्हणून लिहितेय. म्हणून खरं लिहितेय, आणि पत्र त्याच्याच हाती देतेय.

तुम्ही याल तेव्हा एक गोष्ट बघाल, त्याची तयारी ठेवा. आई खडकावरच्या घरात राहतात. मावशींची चूल, मावशींचा ओटा. वरच्या आळीतली सगळी माणसं अजून तिथेच आहेत, त्यांना घर नाही. आई पहाटे उठून सगळ्यांसाठी भाकरी भाजतात, चहा करतात, आल्यागेल्याला बसा म्हणतात. कोणी मावशींचं नाव काढलं की उठून जात नाहीत. बसून ऐकतात.

आज सकाळी मी कागद घेतला तर समोर येऊन बसल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "तिलाच लिहितेस ना?"

"हो."

"मग लिही." भाकरीचं पीठ लागलं होतं बोटांना, ते काढत बसल्या. मग म्हणाल्या, "लिही, तुझ्या घरात एक म्हातारी येऊन बसलीय. घर तुझं आहे. ठेवणार असशील तर ठेव, नाहीतर तसं सांग, ती जाईल."

मी म्हटलं, "आई, असं कसं लिहू?"

"तसंच लिही. एक अक्षर बदलू नको."

बदललं नाही.

उद्या उजाडायच्या आधी रावजहून निघा. गारठ्यात चाला, ऊन वर यायच्या आत घळीतून बाहेर पडा. एका वेळी एकच जण. बोलू नका, थांबू नका, नदीकडच्या बाजूने या. नझरशो म्हणतो पडायला काही उरलं नाही. इमामदाद म्हणेल तेच खरं मानीन. मला अजूनही भीती वाटते, वन्सं. दुधाचं पातेलं आदळलं तरी मी अनोरावर जाऊन पडते.

बूट चांगले नसतील तर भावाचे घाला, आत चिंध्या कोंबा. आई पुन्हा पुन्हा तेच विचारतायत.

सफरमो